एमएल नको, एमजी सांग
वाचकांचे प्रश्न, सिस्टरांची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की नर्सिंगच्या पोरापोरींनो औषधं देण्याबद्दल काय विचारायचंय ते बिनधास्त विचारा, अगदी बावळट वाटला तरी चालेल असा प्रश्न. तर भरपूर प्रश्न आले, आणि एकही बावळट नव्हता. सगळे काही इथे मावणार नाहीत. एकसारखे होते ते एकत्र केलेत, आणि नावं मुद्दाम काढून टाकलीत कारण दोघातिघांनी वॉर्डातल्या गोष्टी लिहिल्यात आणि उगाच त्यांच्या इन्चार्ज सिस्टरने हा अंक वाचायला नको.

सिस्टर, मी जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) सेकंड इयरला आहे, सध्या पेडियाट्रिकला पोस्टिंग आहे. वॉर्डात सगळे "याला पाच एमएल दे, त्याला तीन एमएल दे" असंच बोलतात. पण आमच्या ट्यूटर मॅडम दर वेळी हात धरतात आणि "किती एमजी?" विचारतात. एवढं काय त्यात, शेवटी बाटलीतून एमएलच मोजायचे ना?

तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग. अगं एमएल म्हणजे नुसतं पाणी किती ते, त्या पाण्यात औषध किती आहे ते बाटली ठरवते. पॅरासिटामॉलचंच घे ना, घरोघरी असतं ते. दहा किलोचं बाळ आहे आणि डॉक्टरांनी किलोला १५ एमजी लिहिलंय, म्हणजे झाले १५० एमजी. आता कपाट उघड. एका सिरपवर लिहिलंय ५ एमएलमध्ये १२५ एमजी, त्यातून द्यायचे ६ एमएल. शेजारच्या बाटलीवर ५ एमएलमध्ये २५० एमजी, त्यातून ३ एमएल. आणि ती ड्रॉपरवाली छोटी बाटली असते तिच्यात बऱ्याचदा १ एमएलमध्येच १०० एमजी असतात, त्यातून फक्त दीड एमएल. औषध तेच, बाळ तेच, डोस पण तोच, आणि एमएल मात्र तीन वेगवेगळे. आता समज तू आईला डिस्चार्जच्या वेळी सांगितलंस "ताप आला की सहा एमएल द्या" आणि तिच्या घरी ती ड्रॉपवाली बाटली आहे. गेले की ६०० एमजी पोटात, चौपट! आई बिचारी म्हणणार सिस्टरनेच सांगितलं होतं, आणि ते खोटं पण नसेल.

म्हणून हिशोब नेहमी असा करायचा: हवं भागिले आहे, गुणिले पाणी. हवेत १५०, बाटलीत आहेत १२५, ते आहेत ५ एमएलमध्ये. १५० भागिले १२५ गुणिले ५, आले ६. हे कागदावर लिहून कर, मनातल्या मनात करू नको, नाईटला पहाटे चार वाजता मनातलं गणित कोणाचंच बरोबर येत नाही. आणि वजन आजचं घे, काट्यावर ठेवून. आईला विचारलंस तर ती मागच्या लसीच्या डोसाला अंगणवाडीत केलेलं वजन सांगते. आणि हो, घरातला चमचा नको, कोणाचा चमचा चहाचा असतो कोणाचा पोह्यांचा, बाटलीसोबत माप येतं ते किंवा सिरिंज वापरायला सांग.

इन्सुलिनच्या सिरिंजला कधी लाल टोपी असते कधी केशरी. मी स्टाफना विचारलं तर म्हणाल्या जी हाताला लागेल ती घे. खरंच काही फरक नसतो का?

बाई गं! हा प्रश्न वाचून माझा चहा गार झाला. फरक आहे आणि जीवावर बेतणारा आहे.

आपल्याकडे व्हायलमध्ये (छोट्या बाटलीत) मिळणारं इन्सुलिन जास्त करून ४० युनिटचं असतं, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट. त्याच्यासाठी लाल टोपीवाली सिरिंज, तिच्यावर यू-४० लिहिलेलं असतं. इन्सुलिनच्या पेनमध्ये जी काडतुसं येतात ती १०० युनिटची, आणि काही नवीन इन्सुलिनच्या व्हायल पण १०० च्या असतात. त्याच्यासाठी केशरी टोपी, यू-१००. सिरिंजवरच्या रेघा म्हणजे युनिट, पण त्या रेघा त्या त्या इन्सुलिनसाठीच आखलेल्या आहेत. आता बघ गंमत, पेशंटला २० युनिट द्यायचेत. ४० वाली व्हायल आहे आणि तू केशरी सिरिंज घेतलीस, २० च्या रेघेपर्यंत ओढलंस. त्या सिरिंजमध्ये २० ची रेघ म्हणजे ०.२ एमएल. ०.२ एमएलमध्ये युनिट गेले फक्त ८. शुगर उतरत नाही म्हणून संध्याकाळी राउंडला डॉक्टर डोस वाढवतात, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी कोणी बरोबर सिरिंज घेऊन तो वाढवलेला डोस देते. कळलं पुढे काय होणार? आणि उलटं झालं तर त्याहून वाईट, १०० वालं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत म्हणजे अर्धा एमएल, म्हणजे ५० युनिट. घाम फुटेल, हात थरथरतील, बरळायला लागेल, आणि नातेवाईक म्हणतील झोप लागलीये.

तर व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांशेजारी धरून मोठ्याने वाच. टोपीच्या रंगावर पण पूर्ण भरवसा ठेवू नको, टोप्या अदलाबदल होतात, नळीवरचं छापलेलं वाच. आणि पेनच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन ओढायचं नाही, कितीही घाई असली तरी.

अजून दोन गोष्टी याच्यातच सांगून टाकते. साधं रेग्युलर इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं आणि एनपीएच, म्हणजे हळू काम करणारं, ते दुधाळ, दोन्ही एका सिरिंजमध्ये घ्यायचं असेल तर आधी स्वच्छ मग दुधाळ, आणि दुधाळ व्हायल तळहातात हळू घोळवायची, ताक घुसळल्यासारखी हलवायची नाही. आणि रेग्युलर द्यायच्या आधी शुगर किती आली ते बघ आणि जेवणाचं काय ते बघ. जेवणाची ट्रॉली कुठवर आलीये, पेशंटला मळमळतंय का, सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलंय का. इन्सुलिन दिलं आणि मग मामा सांगायला आले की यांना खाली एक्सरेला न्यायचंय, दीड तास लागेल, असं माझ्यासमोर कितीतरी वेळा झालंय.

सलाईनचे थेंब कसे मोजायचे? फॉर्म्युला पाठ आहे पण वॉर्डात उभं राहिलं की डोकं बंद पडतं. दुसरं म्हणजे पोटॅशियमची अँप्युल (औषधाची छोटी बंद कुपी) सलाईनच्या बाटलीत टाकताना स्टाफ खूप ओरडल्या, का ओरडल्या ते कळलं नाही.

फॉर्म्युला सगळ्यांचाच बंद पडतो. मी तुला वॉर्डातला हिशोब सांगते. आधी सेटचं, म्हणजे बाटलीला जोडायच्या नळीचं, पाकीट बघ, फेकून द्यायच्या आधी. त्याच्यावर लिहिलेलं असतं एका एमएलला किती थेंब. साधा सेट आपल्याकडे बहुतेक २० थेंबांचा असतो, मायक्रोड्रिप, म्हणजे बारीक थेंबांचा, ६० चा. समज ५०० एमएलची बाटली चार तासात द्यायचीये, म्हणजे तासाला १२५ एमएल. २० चा सेट असेल तर तासाच्या एमएलला तीनने भाग, १२५ भागिले ३ म्हणजे साधारण ४२ थेंब मिनिटाला. झालं. मायक्रोड्रिप असेल तर भागाकार पण नको, तासाला जितके एमएल तितकेच मिनिटाला थेंब. का ते घरी जाऊन कागदावर मांडून बघ, ६० मिनिटं आणि २० थेंब किंवा ६० थेंब, आपोआप कळेल आणि मग आयुष्यात विसरणार नाहीस. पण सेट १५ चा निघाला तर तीनने नाही, चारने भागायचं, म्हणून तर पाकीट बघ म्हणाले.

थेंब लावलेस की बाटलीवर उभी चिकटपट्टी लाव आणि वेळ लिहून ठेव, दहा वाजता इथे, अकरा वाजता इथपर्यंत. कारण तू पाठ फिरवलीस की पेशंट हात दुमडतो आणि सलाईन थांबतं, नाहीतर नातेवाईक "लवकर संपू दे म्हणजे घरी जाऊ" म्हणून चाक फिरवतात. हे चाक कोणी फिरवलं विचारलं तर आख्ख्या वॉर्डात कोणीच फिरवलेलं नसतं.

आता पोटॅशियम. स्टाफ ओरडल्या ते चांगलं झालं. आपल्याकडची पोटॅशियम क्लोराईडची नेहमीची अँप्युल १० एमएलची, १५ टक्के, तिच्यात २० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) असतात. दिसायला पाणी. डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवली तर लांबून ओळखू येत नाही. आणि हे सरळ शिरेत सिरिंजने ढकललं तर हृदय जागच्या जागी बंद पडतं, मग कोणी काही करू शकत नाही. म्हणून ते कधीही, कोणीही सांगितलं तरी, सरळ द्यायचं नाही, नेहमी बाटलीत मिसळून आणि हळू. साध्या वॉर्डात हातातल्या शिरेतून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त सहसा देत नाहीत, म्हणजे एक अँप्युल जायला कमीत कमी दोन तास तरी पाहिजेत.

आणि तू बहुतेक लटकवलेल्या, चालू असलेल्या बाटलीत खालून टोचून टाकलंस, बरोबर? पोटॅशियमचं पाणी जड असतं, ते तळाशी बसतं, आणि तळाशीच तर सेट जोडलेला आहे, मग पहिल्या काही मिनिटांतच बरंचसं पोटॅशियम जातं की. बाटली खाली काढायची, औषध टाकायचं, चार-पाच वेळा उलटी-सुलटी करायची, लेबल लावायचं: काय टाकलं, किती टाकलं, किती वाजता, कोणी. मगच लटकवायची. त्याआधी पेशंटला लघवी होतेय का ते पण विचार, किडनी चालत नसेल तर हेच पोटॅशियम अंगात साचत जातं.

मॅडम मी बीएस्सी नर्सिंगचा विद्यार्थी आहे (हो, मुलगा). कमरेत इंजेक्शन नेमकं कुठे द्यायचं यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. जुन्या सिस्टर कुल्ल्याचे चार भाग करून वरच्या बाहेरच्या भागात द्या म्हणतात, कॉलेजमध्ये ते देऊच नका म्हणून शिकवलंय. आणि लेडी पेशंटला देताना खूप अवघडल्यासारखं होतं.

अरे ब्रदर, कॉलेजमध्ये बरोबर शिकवलंय, आणि जुन्या सिस्टर पण वेड्या नाहीत, त्यांनी तसंच शिकलंय, मी पण तसंच शिकले आणि हजारो दिली असतील. पण त्या भागाखालून सायटिक नर्व्ह, म्हणजे पायाची मोठी नस, जाते, कोणाकोणाची जागा थोडी इकडे तिकडे असते, आणि चार भाग करताना आपण घाईत पूर्ण कुल्ला उघडा न करता अंदाजानेच टोचतो, मग पाय लुळा पडल्याच्या केसेस होतात.

त्याऐवजी व्हेंट्रोग्लुटियल शिक, म्हणजे खुब्याच्या बाजूला द्यायची जागा. पेशंटचा डावा खुबा असेल तर तुझा उजवा हात. तळहाताची टाच मांडीच्या हाडाचा बाहेर जो गोल उंचवटा लागतो त्याच्यावर ठेव, अंगठा जांघेकडे, पहिलं बोट पुढच्या कमरेच्या हाडाच्या टोकावर, आणि मधलं बोट कमरेच्या हाडाच्या कडेकडेने मागे पसरव. दोन बोटांमध्ये इंग्रजी व्ही तयार होतो त्याच्या मधोमध, काटकोनात. तिथे मोठी नस नाही, मोठी शीर नाही. आधी स्वतःच्या खुब्यावर शोध, मग मित्राच्या, दहा जणांवर नुसता हात ठेवून बघ, सुई नाही. तान्ह्या बाळांना मात्र मांडीच्या बाहेरच्या भागात पुढून, आणि दंडावर द्यायचं तर थोडंसंच औषध, एखाद एमएल, खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली.

अवघडल्यासारखं होतं ते चांगलंच आहे, कधीच झालं नसतं तर मला काळजी वाटली असती. पडदा ओढ, "मावशी, कमरेत इंजेक्शन द्यायचंय, मी देऊ की सिस्टरना बोलावू?" असं सरळ विचार, सोबत एखादी बाई उभी ठेव, आणि लागेल तेवढाच कपडा बाजूला कर. व्हेंट्रोग्लुटियलला फार उघडं पण करावं लागत नाही, हा त्याचा अजून एक फायदा, जो पुस्तकात कोणी लिहीत नाही.

सिस्टर, माझ्याकडून चूक झाली. नावं सारखी होती, बेड बदलले होते, बीपीची गोळी दुसऱ्याच आजीला दिली. आजींना काही झालं नाही. मैत्रीण म्हणते गप्प बस, तुझं टर्मिनेशन होईल. दोन आठवडे झोप नाहीये.

आधी माझी गोष्ट ऐक, मग तुझी बोलू.

मी फर्स्ट इयरला होते. बायकांच्या मेडिसिन वॉर्डात बेड ११ आणि १२ ला दोन आज्या, आडनाव एकच, दोघी एकाच तालुक्यातल्या, दोघींच्या डोक्यावर पदर. ११ वाल्या आजींना खिडकीतून गार वारा लागायचा म्हणून दुपारी मावशींनी दोघींचे बेड बदलून दिले, माणुसकीनेच दिले. चार वाजता मी ट्रे घेऊन गेले, बेडचा नंबर बघितला आणि विचारलं, "तुम्ही अमुकबाईच ना?" आजींनी मान डोलावली. आता म्हाताऱ्या माणसाला कमी ऐकू येत असलं की सिस्टर काहीही म्हणाली तरी मान डोलावते, तुम्ही पंतप्रधान ना विचारलं असतं तरी हो म्हणाल्या असत्या. गोळी गेली. दोन मिनिटांनी पलीकडच्या आजी म्हणतात, "पोरी माझी गोळी?"

ती लघवीची गोळी होती. आजी रात्रभर बाथरूमला फेऱ्या मारत राहिल्या आणि मी रात्रभर त्यांच्या मागे मागे, पडतील म्हणून. मी लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगितलं होतं, हे खूप शूर होते म्हणून नाही, रडू आवरेना म्हणून. त्या ओरडल्या, खूप ओरडल्या, मग डॉक्टरांना फोन केला, बीपी दर तासाला बघायला लावलं, आणि मला म्हणाल्या आता लिही. तेव्हापासून मी कोणालाही "तुम्ही अमुक ना?" विचारलं नाही, "तुमचं पूर्ण नाव सांगा" असंच विचारते, आणि हातातला पट्टा किंवा केसपेपर त्याच्याशी जुळवते. बेड नंबर म्हणजे पेशंट नव्हे, बेडला चाकं असतात.

तुझ्या चुकीत बघ, दोन पेशंट होते. एका आजींना नको ती गोळी गेली, आणि दुसऱ्या आजींना हवी ती गेलीच नाही, त्यांच्या चार्टवर मात्र तुझी सही आहे की दिली म्हणून. म्हणजे दोन आठवड्यांपूर्वीचा तो कागद अजून खोटं बोलतोय. उद्या ट्यूटर मॅडमना एकटीने भेट आणि सांग, तारीख, वेळ, औषध, किती एमजी. ओरडा खाशील. मैत्रिणीने सांगितलेलं होईलच असं नाही, होणारच नाही असं पण मी लिहून देऊ शकत नाही. पण पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ येतेच, पाच मिनिटांत सांगायचं असतं, कारण तेव्हा सांगितलं तर पेशंटसाठी काही करता येतं.

आणि कपाटातून काढताना एकदा, मापात ओतताना एकदा, आणि पेशंटजवळ देण्याआधी एकदा, असं तीन वेळा लेबल वाचायला शिकवतात ना, ते परीक्षेत पाच मार्कांसाठी नाहीये. बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर डोस, बरोबर मार्ग, बरोबर वेळ, हे पाच तर सगळ्यांना पाठ असतात, माझ्या मते पहिलंच सगळ्यात जास्त चुकतं कारण ते सगळ्यात सोपं वाटतं.

एएनएमची (गावातल्या नर्सबाईच्या कोर्सची) मुलगी आहे, उपकेंद्रात प्रॅक्टिकल. ऑक्सिटोसिन आणि मेथर्जिन (बाळंतपणानंतर रक्तस्राव रोखायची इंजेक्शनं) दोन्ही फ्रीजमध्ये एकाच डब्यात असतात. चालतं का?

आजच वेगळे डबे कर, कोणाची परवानगी लागत नाही याला. दोन्ही २ ते ८ डिग्रीलाच ठेवायचे, पण कप्पे वेगळे आणि मोठ्या अक्षरात नाव. बाळ बाहेर आल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही ना ते बघून, मिनिटभरात आईला १० युनिट ऑक्सिटोसिन मांडीत. मेथर्जिनने बीपी चढतं, ज्या बाईचं बीपी आधीच जास्त आहे तिला ते द्यायचं नाही. आणि बाळाचं व्हिटॅमिन के आईच्या ट्रेमध्ये कधी ठेवू नको. व्हिटॅमिन के समजून बाळाला मेथर्जिन टोचलं गेल्याच्या केसेस जगात ठिकठिकाणी झाल्यात, बाळाचा श्वास थांबतो. दोन ट्रे, दोन टेबलं.

टेस्ट डोस (ॲलर्जी येते का बघायला आधी थोडंसं टोचतात तो) निगेटिव्ह आला म्हणजे इंजेक्शन सेफ ना?

नाही. धोका थोडा कमी असं समज फार तर. आधी तोंडी विचार, याआधी कुठल्या इंजेक्शनने अंगावर गांध्या उठल्या होत्या का, ओठ सुजले होते का, दम लागला होता का. आणि टेस्ट डोसच्या आधी ट्रेमध्ये ॲड्रेनॅलिनची अँप्युल आहे का बघ, १ एमएलमध्ये १ एमजी वाली. मोठ्या माणसाला रिॲक्शन आली तर त्यातले अर्धा एमएल, म्हणजे ०.५ एमजी, मांडीत बाहेरच्या बाजूला, स्नायूत. बघ, मीच एमएल म्हणून गेले, पण एमजी पण सांगितले. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही ॲलर्जीची दुसरी औषधं नंतर, आधी ॲड्रेनॅलिन, आणि पेशंटला बसवून नाही, झोपवून पाय वर. दम लागत असेल तर मात्र बसू दे.

माझे सासरे घरी आहेत, नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब आहे. मी नर्सिंग शिकते म्हणून सगळं माझ्यावर. सगळ्या गोळ्या खलबत्त्यात एकत्र कुटून देते. चालेल ना?

सुनबाई, खलबत्ता जरा बाजूला ठेवा आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन बसा. ज्या नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर, ईआर असं काही असेल ती गोळी कुटायची नाही, ती दिवसभर हळूहळू विरघळायला बनवलीये, कुटली की दिवसभराचं औषध एकदम जातं. ज्या गोळीवर जाड गुळगुळीत आवरण असतं आणि पाकिटावर एन्टेरिक कोटेड लिहिलेलं असतं ती पण नाही, ती पोटातल्या ॲसिडपासून वाचवायला असते. या गोळ्या लिहून डॉक्टरांना दाखवा, बऱ्याचदा सिरप किंवा दुसरी साधी गोळी मिळते, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

बाकीच्या एक एक करून बारीक पूड करा, कोमट पाण्यात विरघळवा, आणि एका गोळीनंतर थोडं पाणी, मग दुसरी. शेवटी ३० एमएल पाणी. मुगाच्या पाण्यात किंवा दुधात औषध मिसळू नका, नळी चोंदली की नवीन घालताना सासऱ्यांनाच त्रास. आणि हो, आधी नळी पोटातच आहे ना ते बघायचं आणि डोक्याकडची बाजू उंच करायची, ते तर शिकलाच असाल.

शेवटचे काही छोटे, पटापट.

केसपेपरवर ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या वॉर्डात ओडी म्हणजे उजवा डोळा, तिथे विचारूनच पुढे जा. युनिट लिहिताना नुसता इंग्रजी यू लिहू नका, चारच्या पुढे घाईत काढलेला यू शून्य वाटतो आणि चाळीस होतात. एक एमजी लिहिताना एक पॉइंट शून्य लिहू नका, पॉइंट पुसट आला की दहा. फोनवर ऑर्डर घेतली तर लिहून घ्या, परत वाचून दाखवा, डॉक्टर आले की सही घ्या. दुसऱ्याने भरलेली, लेबल नसलेली सिरिंज देऊ नका, ती कितीही मोठी सिस्टर असू दे. सही औषध दिल्यावर, आधी नाही. फेनिटोइन (फिटचं औषध) फक्त नॉर्मल सलाईनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये टाकलं तर डोळ्यादेखत स्फटिक होतात. सेफ्ट्रियाक्सोन (अँटिबायोटिक) आरएलच्या, म्हणजे रिंगर लॅक्टेट सलाईनच्या, चालू लाईनमध्ये नको. सुईला परत टोपी लावायची नाही, हब कटरने (सुई कापायच्या यंत्राने) कापायची, मग पांढरा डबा. फुटलेली काचेची अँप्युल निळ्या डब्यात, लाल पिशवीत टाकली की मावशींचा हात कापतो.

आणि एकीने विचारलंय की युनिफॉर्मच्या खिशात काय काय ठेवू. दोन पेन, कारण एक राउंडला कोणीतरी नेतंच. छोटी वही. आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ, मोबाईलवर चालणार नाही, कारण डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी द्यायच्या आधी छातीवर स्टेथो ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे असतात, साठच्या खाली आले तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं, आणि त्या एका मिनिटात मोबाईल हातात असला की मेसेज येतोच.